काळ्या कागदावरचा बर्फ

लादीवाल्यांना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती, आणि त्यातली एक दवाखान्यात केसपेपर लिहिणारी बाई होती. बाकी सगळी गल्ली त्यांना लादीवालेच म्हणायची. अडतीस वर्षं त्यांनी बर्फाच्या कारखान्यात काढली होती. खाऱ्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवायचे, डब्यातलं पाणी गोठलं की यारीने डबा वर ओढायचा, क्षणभर साध्या पाण्यात बुडवून लादी सुटी करायची आणि आकड्याने ओढत फळीवरून घसरवत गाडीत चढवायची. नंतर गाडीबरोबर गावभर फिरून मासळीबाजारात, दूधकेंद्रावर, इस्पितळाच्या मागच्या दारी ती पोचती करायची. कमरेएवढी लादी उन्हातान्हातून नेऊन तिच्या कडा शाबूत ठेवणं ही त्यांची खासियत होती. बाकीच्यांच्या लाद्या पोचेपर्यंत साबणाच्या वापरलेल्या वडीसारख्या गुळगुळीत व्हायच्या. यांची मात्र कोपरे धरून असायची.

उन्हाशी त्यांचं हाडवैर होतं. ऊन आपल्याला अडतीस वर्षं पाण्यात पाहत आलंय, असं ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. कोणत्या रस्त्याला किती वाजेपर्यंत सावली असते, कोणत्या वळणावर झाड आहे, कोणत्या दुकानाची ताडपत्री पुढे आलेली आहे, हे त्यांना तोंडपाठ होतं. गाडीवाल्याला ते सरळ रस्ता सोडून असे काही आडवाटेने घेऊन जात की नवा माणूस चक्रावून जाई.

गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ते घरी बसले. बसले म्हणजे काय, घरभर फिरून पडदे ओढायला लागले. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली की हात आपोआप पडद्याकडे जायचा. सूनबाई शिलाईचं काम घरी करायची. मशीनवर उजेड हवा म्हणून ती पडदा उघडायची आणि ती चहा टाकायला आत गेली की पडदा पुन्हा बंद. एक दिवस तिने पडदेच धुवायला काढले आणि आठवडाभर वाळू दिले नाहीत.

त्यांना एक गोष्ट मात्र खुपायची, आणि ती त्यांनी बायकोशिवाय कुणाला सांगितली नव्हती. त्यांचा मेहुणा सुतार होता. त्याच्याबरोबर कुठेही जा, तो थांबून दाखवणार: हे दार माझं, ती खिडकी माझी, त्या दुकानातलं फडताळ माझं. लादीवाले मान डोलवायचे. घरी आल्यावर बायकोला म्हणायचे, "मी काय दाखवू याला? माझं सगळं संध्याकाळपर्यंत गटारात गेलेलं."

बायको म्हणायची, "अहो, मग दाखवू नका. बसा गप." तिला दुःख कळायचं, पण दुःखाचे लाड करणं तिच्या स्वभावात नव्हतं.

घरात एक नात होती. नऊ वर्षांची, चौथीतली. एका जागी पाच मिनिटं बसायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. एका रविवारी सकाळी भिंगरी फ्रीजमधून बर्फाचे दोन खडे घेऊन गच्चीकडे पळताना आजोबांनी पाहिली. त्यांनी विचारलं तेव्हा तिने जिन्यातूनच सांगितलं, की शाळेचा प्रयोग आहे. एक खडा काळ्या कागदावर, एक पांढऱ्यावर, दोन्ही उन्हात ठेवायचे आणि कोणता आधी वितळतो ते लिहायचं.

"चांगला बर्फ मुद्दाम उन्हात ठेवायचा?" लादीवाले म्हणाले. असल्या शिक्षणाने मुलांचं पुढे काय होणार, याचा विचार करत ते खिडकीशी बसले.

अर्ध्या तासाने भिंगरी खाली आली ती नाक ओढत. पुस्तकात लिहिलं होतं की काळ्या कागदावरचा बर्फ आधी वितळतो, कारण काळा रंग ऊन जास्त शोषून घेतो. आणि तिच्या गच्चीवर पांढऱ्या कागदावरच्या बर्फाचं केव्हाच पाणी झालं होतं. काळ्यावरचा खडा मात्र अजून बोराएवढा शिल्लक होता. सगळ्या वर्गाचं बरोबर येणार आणि आपलं एकटीचं उलटं, या विचाराने तिला रडू आवरेना.

सूनबाईच्या समोर ग्राहकाचा झगा अर्धा शिवलेला होता. टाके न थांबवता ती म्हणाली, "पुस्तकात आहे तसं लिही ना. बाई काय गच्चीवर बघायला येणार आहेत?"

लादीवाल्यांनी आयुष्यात सूनबाईच्या बोलण्यात कधी तोंड घातलं नव्हतं. त्या दिवशी घातलं. "तसं नको," ते म्हणाले. "पोरीने जे पाहिलं ते पाहिलं. बर्फ खोटं बोलत नाही." आणि भिंत धरून ते उठले. गेले चार महिने त्यांनी जिन्याचं तोंड पाहिलं नव्हतं. एकवीस पायऱ्या, दोनदा थांबून, ते चढले. मागून बायको ओरडत होती की उतरताना मी यायची नाही.

गच्चीवर त्यांनी आधी दोन्ही कागद कुठे ठेवलेत ते पाहिलं. पांढरा कागद पाण्याच्या टाकीच्या पत्र्याच्या झाकणावर होता. काळा कागद शेजारच्या लाकडी पाटावर. त्यांनी तळहात पत्र्यावर टेकवला आणि चटकन उचलला. मग पाटावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

"ये इकडे. इथे हात लाव. आता इथे."

भिंगरीने लावला. पत्रा भाजत होता. लाकूड नुसतं कोमट होतं.

"आमच्याकडे नवा माणूस आला की पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे," आजोबा म्हणाले. "लादी उघड्या पत्र्यावर टेकवायची नाही. खाली फळी घालायची. पत्रा बर्फाला खालून खातो. तू ऊन बघत बसलीस, आणि चोर खालून शिरला."

भिंगरीचं रडू थांबलं. चोर सापडला म्हटल्यावर तिला प्रयोगात एकदम रस वाटायला लागला. मग तिने दुसरी शंका काढली, की दोन्ही खडे तरी सारखे होते का. लादीवाल्यांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. हाच प्रश्न ते स्वतः तिला विचारणार होते.

त्या दिवशी दुपारपर्यंत घरात स्वयंपाकाशिवाय दुसरं काही झालं नाही, आणि स्वयंपाकही उशिराच झाला. लादीवाल्यांनी पलंगाखालची पेटी ओढून बर्फ फोडायचा आपला जुना टोच्या काढला. त्याची मूठ हाताने झिजून काळी गुळगुळीत झाली होती. फ्रीजमधल्या वाडग्यातल्या बर्फाचे त्यांनी असे तुकडे पाडले, की भिंगरीने स्वयंपाकघरातल्या तराजूच्या दोन पारड्यांत घातले तेव्हा काटा हललाच नाही. दोन्ही कागद एकाच पाटावर, एकाच उन्हात ठेवले. सूनबाई सहज म्हणून कपडे वाळत घालायला वर आली आणि खाली जायचं विसरली. घड्याळ तिनेच धरलं. काळ्यावरचा तुकडा एकतीस मिनिटांत गेला, पांढऱ्यावरचा अडतीस मिनिटांत.

भिंगरी नाचायला लागली. लादीवाले म्हणाले, "थांब. आता कागदांच्या जागा बदल."

"का? बरोबर आलं ना."

"पाटाचा तो कोपरा जास्त तापत असला तर?"

जागा बदलून पुन्हा केलं. पुन्हा काळ्याने आधी पाणी केलं. तिसऱ्यांदा करायला बर्फ उरला नव्हता. लादीवाले जिना उतरले, आणि गुडघे दुखत असल्याचं त्यांना तळमजल्यावर पोचल्यावर आठवलं.

भिंगरीने वहीत सगळं लिहिलं. पहिल्यांदा चुकलेलंसुद्धा, पत्र्याच्या झाकणासकट. आई म्हणाली, एवढं कशाला, बाई चूक म्हणून तांबडी रेघ मारतील. भिंगरीलाही धाकधूक होती. पण आजोबांनी चुकीला लाज मानली नव्हती, हे तिने पाहिलं होतं.

मंगळवारी ती शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली. सूनबाईने ती मोठ्याने वाचली. विज्ञानाच्या बाईंनी लिहिलं होतं, की वर्गातल्या छत्तीस मुलांपैकी पस्तीस जणांनी काळ्या कागदावरचा बर्फ आधी वितळल्याचं लिहिलं आहे, आणि त्यातल्या निम्म्या मुलांनी प्रयोग केलेलाच नाही अशी त्यांना शंका आहे. भिंगरीची वही त्यांनी वर्गात वाचून दाखवली. शुक्रवारी आजोबांनी शाळेत येऊन मुलांसमोर हा प्रयोग करून दाखवावा, अशी त्यांची विनंती होती.

लादीवाले गारच पडले. चौथी झाल्यावर त्यांनी शाळा सोडली होती, आणि त्या चार वर्षांतही फळ्याजवळ जायची वेळ फक्त ओणवं उभं राहण्यापुरतीच आली होती. मुलांसमोर बोलायचं म्हणजे काय बोलायचं? त्यांनी नको म्हणून कळवायला सांगितलं. मग गुडघ्यांचं कारण पुढे केलं. मग म्हणाले, धड कपडे नाहीत. त्यावर सूनबाई उठली, आणि दोन दिवसांत तिने सासऱ्यांना राखाडी रंगाचा नवा सदरा शिवून दिला. आता पळायला वाट राहिली नाही.

गुरुवारी ते कारखान्यात गेले. तिथे आता जेमतेम तिसरा भाग चालू होता, कारण दुकानादुकानांतून बर्फ करायची यंत्रं आली होती. पण त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस आता मुकादम झाला होता. त्याने सांगितलं की सकाळी गाडीतून शाळेपर्यंत अख्खी लादी पोचवतो, आणि कडा शाबूत ठेवायची जबाबदारी माझी.

शेवटचं काम बायकोकडे होतं. त्यांना तिची लोकरीची शाल हवी होती, ती जाड, तपकिरी. कशाला म्हणून विचारल्यावर त्यांनी खरं ते सांगितलं. बर्फाला गुंडाळायला.

"माझी शाल बर्फाला?" ती म्हणाली. "चाळीस वर्षांत मला कधी स्वतःच्या हाताने पांघरली नाहीत." पण शाल तिने काढून दिली, आणि दुसऱ्या दिवशी शालीवर लक्ष ठेवायला म्हणून स्वतःही निघाली.

शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं. पाऊस नव्हता, पण ऊन औषधालाही नव्हतं. लादीवाले शाळेच्या फाटकाशी उभे राहून वर बघत होते. अडतीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या, ते आज एकदा हवं होतं तर तोंड लपवून बसलं होतं. त्यांना वाटलं, परत जावं. पण लादी येऊन पोचली होती. आवारात फळीवर ती उभी होती, आरशासारखी स्वच्छ, कोपरे धरून. छत्तीस मुलं तिच्याभोवती श्वास रोखून उभी होती. एवढा मोठा बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एकाने तिच्यातून पलीकडे पाहिलं तर पलीकडच्या मुलीचं नाक हातभर लांब झालेलं. मग सगळ्यांनाच पलीकडून बघायचं होतं.

बाई वयाने तरुण होत्या. लादीवाल्यांचा चेहरा पाहून त्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, की ऊन नसलं तरी करू या, काय होतं ते बघू. लादीवाल्यांनी टोच्या काढला. हातात टोच्या आला आणि जीभ सुटली. लादी कुठे मारली की सरळ फुटते, मधोमध पांढरी रेघ का असते, डब्यात नळीने हवा सोडत राहिलं की बर्फ काचेसारखा कसा होतो, हे ते सांगत गेले. तीन घाव घातले, आणि लादीचा कोपरा सुरीने कापल्यासारखा सुटा झाला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. लादीवाल्यांना आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांना काय करावं ते कळेना, म्हणून त्यांनी आणखी एक तुकडा पाडला.

तीन सारखे तुकडे तोलून घेतले. एक काळ्या कागदावर, एक पांढऱ्यावर. तिसरा त्यांनी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि बायकोच्या शालीत चार पदरी गुंडाळला. तिन्ही एकाच लाकडी बाकावर ठेवले. मग त्यांनी मुलांना विचारलं, शालीतल्या बर्फाचं काय होईल?

मुलांना यात विचार करण्यासारखं काही दिसेना. शाल गरम असते, तेव्हा तो बर्फ सगळ्यांत आधी जाणार. चौतीस हात वर झाले. भिंगरीचा हात खाली होता, कारण ती आदल्या दिवशी आजोबांचं बोलणं चोरून ऐकून बसली होती. आणखी एका मुलीचा हात खाली होता. तिला बाईंनी कारण विचारलं तर ती म्हणाली, आम्ही आईस्क्रीम आणतो तेव्हा दुकानदार ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. लादीवाल्यांनी तिच्या डोक्यावर गार हात ठेवला.

मग वाट पाहायची होती. तासभर मुलं बाकाभोवती घुटमळत राहिली. बाई दर दहा मिनिटांनी आवारात आणून ठेवलेल्या फळ्यावर आकडे मांडत होत्या. काळा आणि पांढरा जोडीजोडीने बारीक होत चालले होते. शेवटी काळ्यावरचा एका तासाने गेला, आणि त्याच्या पाठोपाठ दोनच मिनिटांनी पांढऱ्यावरचा. लादीवाल्यांना ओशाळल्यासारखं झालं. ज्यासाठी बोलावलं होतं तेच जमलं नव्हतं. ते बाईंना म्हणाले, "चुकलंच हे. ऊन असतं तर दाखवलं असतं."

तेवढ्यात मागच्या रांगेतला एक लुकडा मुलगा, जो सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता, कुणाला उद्देशून न बोलता म्हणाला, "म्हणजे ऊन नसलं की काळ्याला काहीच करता येत नाही."

बाई त्याच्याकडे वळल्या. मग त्यांनी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं. त्या म्हणाल्या, की फक्त उन्हातच प्रयोग केला असता तर काळ्या कागदात काहीतरी जादू आहे असं आपल्याला वाटलं असतं. आता कळलं की कागद नुसता झेलणारा आहे, देणारं ऊन आहे. त्यांनी पुस्तकातल्या प्रयोगाच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलं: हा प्रयोग ढगाळ दिवशीही करावा.

लादीवाले ऐकत उभे होते. त्यांना पुरतं समजलं होतं, आणि इतकी वर्षं आपल्याला हे ठाऊक असून कधी शब्दांत धरता आलं नव्हतं, हेही समजलं. ढगाळ दिवशी काळी ताडपत्री आणि पांढरी ताडपत्री सारखीच, हे ते गाडीवर चढणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. का, ते कधी कुणी विचारलं नव्हतं.

शाल उघडली तेव्हा पोरांची डोकी एकमेकांवर आपटली. आत निम्म्याहून मोठा तुकडा बसलेला होता. हा गोंधळ बराच वेळ चालला. अनेकांना फसवणुकीचा संशय आला. दोघांनी शाल उलटीसुलटी करून पाहिली. लादीवाल्यांनी त्यांना सांगितलं, की शालीजवळ स्वतःची गरमी नसते. तुम्ही पांघरता तेव्हा ती तुमची गरमी बाहेर जाऊ देत नाही, आणि बर्फ पांघरतो तेव्हा बाहेरची आत येऊ देत नाही. राखणदार आहे ती, आत कोण बसलंय ते ती बघत नाही. हे ऐकून बाकाच्या टोकाला बसलेली त्यांची बायको पहिल्यांदा हसली, आणि तिने शाल झटकून ताब्यात घेतली.

सोमवारी लख्ख ऊन पडलं. बाईंचा निरोप आला, आणि लादीवाले पुन्हा गेले, या वेळी कुणी आग्रह न करता. उन्हात काळ्याने पांढऱ्याला चांगलं मागे टाकलं, आणि दोन दिवसांचे आकडे शेजारी शेजारी फळ्यावर लागले. नंतर दुसऱ्या तुकडीनेही बोलावलं. नंतर बाईंनी वर्षातून दोनदा त्यांचं येणं ठरवूनच टाकलं. बाजारात भाजी घेताना कुठलंही पोर आईचा हात सोडून त्यांच्याकडे बोट दाखवी आणि सांगे की हे आमचे बर्फाचे आजोबा. एकदा मेहुणा बरोबर होता. तो एका दुकानाच्या फडताळाकडे वळलेला, आणि दोन मुलं लादीवाल्यांना थांबवून विचारत होती की बर्फ गुंडाळायला शालीऐवजी थर्माकोल घेतला तर चालेल का. मेहुणा बराच वेळ तिष्ठत उभा राहिला.

पण खरी पंचाईत तिसऱ्या खेपेला झाली. एका मुलीने विचारलं, बर्फ एवढा जड, लादी उचलायला दोन माणसं लागतात, तर तो पाण्यावर तरंगतो कसा? अडतीस वर्षं लादीवाल्यांनी बर्फ तरंगताना पाहिला होता. तो तसा का तरंगतो, हे त्यांना कधी पडलं नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं, की मला माहीत नाही, शोधून सांगतो.

बाईंनी त्यांना पाचवीचं विज्ञानाचं पुस्तक दिलं. आता सकाळी ते खिडकीशी बसतात. पडदा उघडा ठेवतात, कारण अक्षरं बारीक आहेत. सूनबाईचं मशीन शेजारी चालू असतं, आणि त्यांना एखादा शब्द अडला की ती पाय थांबवून सांगते. संध्याकाळी भिंगरी त्यांची परीक्षा घेते. बर्फ होताना पाणी फुगतं, म्हणून तेवढ्याच जागेत ते हलकं होतं, इथपर्यंत त्यांचं पाठ झालं आहे. कारखान्यातले डबे काठोकाठ भरायचे नाहीत असा नियम का होता, ते त्यांना त्या पानावर सापडलं, तेव्हा त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवून बायकोला हाक मारली आणि ते पान वाचून दाखवलं. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, पुढचं पानही वाचा.